प्रति: गोळीने मूल गुमसुम होतं का?

वर एका ताईंनी लिहिलंय की एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) गोळी सुरू केल्यावर मुलगा एकदम गप्प गप्प झाला म्हणून त्यांनी ती बंदच केली. काळजी अगदी पटते, पण ताई, असं मूल मिटून गेलं तर बरेचदा डोस जास्त होत असतो, तेव्हा डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतील किंवा औषध बदलतील. आणि गोळीने शाळेत फरक पडतोय का हे शिक्षकांना जरूर विचारा, कारण मिथाइलफेनिडेटची (एडीएचडीचं नेहमीचं औषध) साधी गोळी जेमतेम चार तास टिकते, संध्याकाळी मूल आपल्यासमोर येतं तोवर असर उतरलेला असतो, उलट चिडचिड वाढलेली दिसते आणि आपण म्हणतो काही फरकच नाही! भूक मरते हे मात्र खरंय, नाश्ता गोळीच्या आधी पोटभर द्या, डबा तसाच परत आला तर रागावू नका. उंची, वजन, बीपी अधूनमधून बघायलाच हवं.

सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर आधी आईबाबांचं ट्रेनिंग, औषध नंतर. ट्रेनिंग म्हणजे 'आवर लवकर' असं लांबून ओरडण्याऐवजी जवळ जाऊन 'मोजे घाल' एवढंच सांगायचं आणि घातले की तिथल्या तिथे कौतुक, रात्री बाबा आल्यावर नाही. मोठ्या मुलांनाही याचा उपयोग होतोच. टीनएजर्सना मात्र गोळी कशासाठी आहे हे स्पष्ट सांगा, त्यांचं मत विचारा, नाहीतर ते गुपचूप टाकून देतात.