कागदी नदी टांगली की खालचा काठ लोंबतो, उपाय?

कागदकाठ:
कागद कापून नदीचं ३ मीटर लांब, ४ थरांचं मांडणीशिल्प करतोय. उभे पडदे टांगायचे, नदी डावीकडून उजवीकडे. सगळ्यांत पुढे आजचं पात्र, मागे जुनी पात्रं. कागद १६० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), रोलमधला. नमुना टांगला तर खालचा काठ लोंबतो, बेटं गळून पडतात. जाड कागद घेऊ का?

वळणवाट:
२२० ते २५० घ्या, पण दुखणं सांध्यांचं, म्हणजे दोन काठ जोडणाऱ्या कागदी पट्ट्यांचं आहे. पात्र पोकळ कापलं की खालच्या काठाचा सगळा भार सांध्यांवर येतो. हे सांधे नदीच देते: पूल, बंधारा, नावेचा दोर. त्यांचा वेगळा थर करू नका. त्याच कागदात काठापासून काठापर्यंत अखंड ठेवा, किमान ५ मिमी रुंद, दर १५ ते २० सेंमीला एक. पूल नव्हते त्या काळाच्या थरात खडकांची रांग किंवा वाळूचा दांडा हेच काम करतो. बेटही वाळूच्या दांड्यानेच काठाला जोडा.

पातं११:
रोलमध्ये कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) लांबीच्या दिशेने असतो, म्हणजे तुमचा ग्रेन आडवा गेलाय. सांधे उभे, त्यामुळे ते ग्रेनच्या आडव्या, कमकुवत दिशेने ताणले जातात. शिवाय दमट हवेत कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, मग खालची कड गुंडाळते. रोलमधून उभे तुकडे कापून १ सेंमी चढवून चिकटवा. जोड पुलामागे लपतो. आधी आतली बारीक कामं, बाहेरची कड शेवटी. आतल्या टोकदार कोपऱ्यांत २ मिमीचं भोक पाडा, नाहीतर चीर तिथूनच पुढे जाते. नायलॉन दोरा थेट कागदात ओवू नका, कागद कापतो. वरची कड दुमडून त्यात काठी घाला.

पूररेषा:
थरांचा क्रमही बदला. आजचं अरुंद पात्र पुढे ठेवलं तर मागची जुनी वळणं झाकली जातात. पुढच्या थरात पूररेषेपर्यंतचा रुंद भाग कापा, त्यामागे जुनी पात्रं, सगळ्यांत मागे आजचं. पुढच्या थरातले सांधे लांब होतील, म्हणून ते ८ मिमी ठेवा. भूशास्त्रज्ञ हॅरोल्ड फिस्कचे १९४४ चे मिसिसिपीचे नकाशे जरूर बघा. जुन्या पात्रांना वेगवेगळे रंग देऊन एकावर एक दाखवलीत. वळणं मनाने काढत असाल तर एका पूर्ण वळणाची सरळ रेषेतली लांबी पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट धरा. त्याहून दाट काढली की नदी न वाटता नक्षी वाटते. थरांत ४ ते ५ सेंमी अंतर आणि समोरून एकच उघडा लहान दिवा. पसरट दिव्याने सावल्यांच्या कडा विरतात.