सल्ला हवाय: हान्यू की चेन, नेमकं काय बघू?

निवांत_दुपार: रविवारी सलग वीस मिनिटं मिळणार आहेत, बस. फिगर स्केटिंगमध्ये युझुरु हान्यू मोठा की नेथन चेन, यावरून बहिणीशी वाजलंय. तुलनेसाठी कोणते परफॉर्मन्स बघू? मला उड्यांची नावंही कळत नाहीत.

बर्फाळ: २०१० व्हँकूव्हरपासून सुरुवात कर. लायसाचेक एकही क्वाड (हवेत चार फेऱ्यांची उडी) न मारता जिंकला, प्लुशेन्को क्वाड मारून १.३१ गुणांनी हरला. तेव्हापासून मी एकही ऑलिंपिक चुकवलेलं नाही. मग सोची, मग...

चार_फेऱ्या: अहो, वीस मिनिटं म्हणतायत त्या! २०१८ प्याँगचांग, दोघांची फ्री, म्हणजे दुसरा, मोठा कार्यक्रम. चेन शॉर्टमध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या कार्यक्रमात, १७वा होता, फ्रीमध्ये सहा क्वाड, २१५.०८ गुण. हान्यूला २०६.१७. तरी सुवर्ण हान्यूला, शॉर्टचे १११.६८ गाठीला होते ना.

कडेवरचा: मी आयुष्यात एकदाच रिंकवर गेलो. भाड्याचे बूट, दहाव्या मिनिटाला मनगट मोडलं. तेव्हापासून कुणी पडलं की हसू येत नाही. असो.

गुणपत्रिका: २०१८ आणि २०२२चे आकडे शेजारी ठेवू नका. मधे नियम बदलले. उडीच्या दर्जाचे गुण -३ ते +३ होते, ते -५ ते +५ झाले. फ्री साडेचारची चार मिनिटं झाली, उड्या आठाच्या सात. त्यामुळे चेनचे बीजिंगचे ३३२.६० हान्यूच्या प्याँगचांगच्या एकूण ३१७.८५पेक्षा जास्त, हा मुद्दा बहिणीने काढला तर धरू नका. नव्या नियमांत दोघं समोरासमोर हवेत तर २०१९ची जागतिक स्पर्धा, सैतामा. चेन ३२३.४२, हान्यू ३००.९७.

बर्फाळ: प्याँगचांग मीही सांगणारच होतो.

नुसते_पाय: आधी आवाज बंद करून फक्त पाय बघा. हान्यू ट्रिपल अ‍ॅक्सेलला उलटा सरकत येतो, एका पायावर गर्रकन वळतो आणि पुढच्याच पावलाला हवेत. दम घ्यायला, अंदाज घ्यायला मधे जागाच नाही. तोंड पुढे ठेवून उडाला की अ‍ॅक्सेल, म्हणून अर्धी फेरी जास्त. बाकी नावं नाही कळली तरी चालतं.

चार_फेऱ्या: आवाज बंद? हान्यूची शॉर्ट शोपाँच्या पियानोवरच्या बॅलडवर चाललीय आणि आवाज बंद??

नुसते_पाय: आधी म्हटलंय. नीट वाचा.

साडेचार: दोघंही जुने झाले. स्पर्धेत क्वाड अ‍ॅक्सेल पहिल्यांदा नीट उतरवला तो इलिया मालिनिनने, २०२२ मध्ये. तोच बघा.

चार_फेऱ्या: प्रश्न काय, उत्तर काय.

निवांत_दुपार: सगळ्यांचे आभार. शेवटी हान्यूची बीजिंगची शॉर्ट बघितली, तीच सहा वेळा. पहिल्याच उडीला पातं बर्फातल्या खड्ड्यात गेलं, चाराऐवजी एकच फेरी, उडीला शून्य. चेहऱ्यावर रेष हलली नाही. ९५.१५, आठवा. बहीण म्हणते याला तुलना म्हणत नाहीत. वीस मिनिटं मात्र संपली.