मदत हवी आहे: सुतारकामाची छोटी स्पर्धा, लाकूड कोणतं ठेवावं?

नमस्कार मंडळी, आम्ही परभणीतले सात-आठ जण हौस म्हणून सुतारकाम करतो, आता पोळ्याच्या आधी आपापसात एक स्पर्धा घ्यायलोत. सगळ्यांना सारखी फळी द्यायची, ४ फूट लांब, ६ इंच रुंद, १ इंच जाड, आणि त्यातूनच लेकरांसाठी चाकावरची बैलजोडी करायची, खिळा-स्क्रू चालणार नाही, फक्त कुसू-खाच (एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं), लाकडी खुंट्या नि फेविकॉल.

अडचण लाकडाची आहे. सागवान रंध्याला मऊ जातं पण महाग पडतं. बाभूळ इकडं कुठंही मिळते, गाडीची चाकं तिचीच व्हायची, पण लई कठीण, पटाशीची धार लगेच जाते, आणि ओली निघाली की सुकताना तडकते. मागच्या वर्षी माझ्या पाटाला अशीच चीर गेली, फार वाईट वाटलं. कडुनिंब कुणी वापरलाय का? कीड कमी लागते हे माहितीय, पण बारीक शिंगं कोरताना तुटतात का?

दुसरं, दोघांकडं राउटर (लाकडात खाचा कोरायचं विजेचं मशीन) आहे, बाकीचे हातानं काम करणारे, त्यात एक दादा साठीचे, त्यांचा हात खूप सुंदर आहे. मशीन बंदच ठेवावी का दोन गट करावेत? आणि गुण सफाईला जास्त द्यावेत की जोडाला? मला तर जोडच महत्त्वाचा वाटतो, लेकरानं ओढल्यावर चाक निघायला नको.

अनुभव असेल तर नक्की सांगा, लाकूड आत्ताच आणून सावलीत ठेवायचंय.