आई लेट्रोझोलच्या गोळ्या चुकवते आहे, काय करावे?

प्रश्न : साताऱ्याची लेक

माझ्या आईचे वय 61 वर्षे असून तिच्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन दोन वर्षांपूर्वी पूर्ण झाले. गाठ ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढणारी) असल्यामुळे लेट्रोझोलची 2.5 मिलिग्रॅमची गोळी पाच वर्षे रोज घ्यायची आहे. परवा कपाट आवरताना साड्यांच्या घडीखाली गोळ्यांनी भरलेल्या सात स्ट्रिप सापडल्या. विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, "सकाळी कणीक मळताना बोटे वळत नाहीत गं, आणि गाठ तर काढलीच आहे." तिच्यावर रागावायला मन धजत नाही आणि गप्पही बसवत नाही. काय करावे?

उत्तर : पाच वर्षे पूर्ण केलेली

ताई, आईंवर मुळीच रागावू नका. मीही ॲनास्ट्रोझोल हे लेट्रोझोलसारखेच औषध घेताना महिनाभर गोळ्या चुकवल्या होत्या आणि तपासणीच्या वेळी "घेते" असेच सांगत होते. खरे सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी तीन आठवडे गोळी थांबवून नंतर त्याच गटातील एक्झेमेस्टेन दिले, आणि माझी बोटे पुष्कळ मोकळी झाली. प्रत्येकीला तसाच गुण येईल असे नाही. पण दुखणे लपवल्यामुळे माझा तो महिना उगाच वाया गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर : कर्करोग विभागातील डॉक्टर

पाळी गेल्यानंतरही चरबी आणि इतर ऊतींमध्ये ॲरोमाटेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते. लेट्रोझोल ते थांबवते, म्हणूनच सांधे आखडतात. आईंचे दुखणे खरे आहे, हे घरातल्यांनी आधी मान्य करावे. मात्र गाठ काढल्यावरही काही पेशी शरीरात दडून राहू शकतात, आणि या प्रकारचा कर्करोग दहा-पंधरा वर्षांनंतरही उलटू शकतो. इस्ट्रोजेनचा गाठीवरील परिणाम रोखणारे टॅमॉक्सिफेन हे औषध पाच वर्षे घेतल्याने या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून 2011 मध्ये स्पष्ट झाले. लेट्रोझोलसारखी ॲरोमाटेज रोखणारी औषधे पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये त्याहून थोडी अधिक उपयोगी ठरतात.

गोळी आपल्या मनाने बंद किंवा कमी करू नये. औषध बदलता येते, सांधेदुखीसाठी ड्युलोक्सेटिन हे औषध देता येते, आणि आठवड्यातून 150 मिनिटे चालणे व दोनदा स्नायूंचे व्यायाम केल्याने दुखणे कमी होते. या गोळीने हाडे ठिसूळ होत असल्याने डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करावी. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाबद्दलही विचारावे. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांमुळे टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटू शकतो.

साताऱ्याची लेक

आपणा दोघांची उत्तरे मी आईला वाचून दाखवली. काल तिने त्या सातही स्ट्रिप स्वतः पिशवीत घालून ओपीडीत नेल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. डेक्साची तपासणी मंगळवारी आहे; गोळी बदलायची की नाही, हे त्यानंतर ठरेल.