रनआउटसाठी साइन चार्ट: ५ नगांत भागेल का?

मरोळ_टर्निंग
मरोळ एमआयडीसीतल्या युनिटमध्ये शाफ्टचा रनआउट (फिरवताना तो किती डुलतो) तासाला ५ नग घेऊन एक्स-बार चार्टवर, म्हणजे नमुन्याच्या सरासरीच्या आलेखावर, टाकतो. रनआउट शून्याखाली जात नाही, शेपूट उजवीकडे लांब, त्यामुळे चार्ट उगाच बोंबलतो. साइन चार्टवर मध्यकाच्या (निम्मे नग ज्याच्या वर, निम्मे खाली) वर किती नग एवढंच मोजून ५ किंवा ० आले की मशीन थांबवलं, तर? की विलकॉक्सन साइन्ड-रँक (मध्यकापासूनच्या अंतराचा क्रमही धरणारा) बरा?

गेजरूम
नाही भागणार. सगळं ठीक असताना पाचही वर यायची शक्यता १/३२, पाचही खाली यायची तेवढीच. म्हणजे सरासरी १६ नमुन्यांमागे एक खोटा इशारा. १० नगांना हाच आकडा ५१२ होतो. साइन्ड-रँक नकोच, त्याला मध्यकाभोवती सममिती लागते आणि तुमचं दुखणंच लांब शेपटाचं आहे.

५च ठेवायचे तर वरच्या नगांच्या संख्येवर ईडब्ल्यूएमए (जुन्या नमुन्यांना घटतं वजन देणारी चालती सरासरी) लावा. लॅम्डा (नव्या नमुन्याचं वजन) ०.१, सुरुवात २.५, एल (मर्यादा किती रुंद ते ठरवणारा गुणक) २.७ धरलं की मर्यादा १.८१ आणि ३.१९. लागोपाठ पाचही वर आले तर २.७५, २.९८, ३.१८, आणि चौथ्याला ३.३६, तिथे इशारा. एल सिम्युलेशनने तपासून घ्या.

आणि रनआउट मोजायचा डायल कुठला? ०.०१ मिमीचा असेल तर बरेच नग नेमके मध्यकावरच बसतील. ना वर, ना खाली. ०.००१चा डायल घ्या.

मरोळ_टर्निंग
०.०१चाच आहे साहेब. बारीक डायलवर वेळ जातो. नग कमी मोजून चालेल?

कुर्ला_क्यूसी
रँक्ड सेट सॅम्पलिंग बघा. मॅकिन्टायरने १९५२मध्ये कुरणातल्या चाऱ्याच्या अंदाजासाठी सुचवलेली युक्ती. ३-३ शाफ्टचे तीन गट घ्या, सरफेस प्लेटवर लोळवून डोळ्यांनी क्रम लावा. पहिल्यातला सर्वांत कमी, दुसऱ्यातला मधला, तिसऱ्यातला सर्वांत जास्त डुलणारा, एवढे तीनच डायलवर.

पण जुन्या मर्यादा चालणार नाहीत. हे नग मध्यकाच्या वर असायची शक्यता अनुक्रमे १/८, १/२, ७/८. वरच्या नगांच्या संख्येचं प्रसरण (विखुरण्याचं माप) ०.७५ वरून ०.४७ वर येतं. बायनॉमियलच्याच (प्रत्येक नगाला १/२ धरून काढलेल्या) मर्यादा ठेवल्यात तर चार्ट मुका होतो. उलट ०.४७ धरून मर्यादा आवळल्या आणि ऑपरेटरने क्रम चुकवला, तर खोटे इशारे वाढतात. आधी थोडे गट पूर्ण मोजून क्रम किती जुळतो ते पाहा.

गेजरूम
एक राहिलं. इन्सर्ट (कापणारं पातं) तुटून एखादा नग ०.२ मिमी गेला तरी साइन चार्टसाठी तो नुसता एक ‘वर’. स्पेसिफिकेशनबाहेरचा नग दिसला की मशीन लगेच थांबवायचं, हा नियम वेगळा ठेवा.