गोदावरीत कयाक: काळेश्वर ते पापीकोंडा, माहिती हवी आहे

मंडळी, नमस्कार.

येत्या डिसेंबर-जानेवारीत मित्रांसोबत गोदावरीतून कयाकने जायचं ठरतंय. नाशिक किंवा पैठणहून निघायचा विचार आम्ही सोडला. नदी १४६५ किमी लांब असली तरी आपल्याकडे ती सलग वाहतेच कुठे? नाशिकच्या खाली पाणवेली, मग जायकवाडी, पुढे नांदेडपर्यंत बंधाऱ्यामागून बंधारा. कयाक खांद्यावरच जास्त राहील.

म्हणून सिरोंचासमोरच्या काळेश्वरहून निघायचं. तिथे प्राणहिता येऊन मिळते आणि नदीचा नूरच पालटतो. वर्धा-वैनगंगेचं सगळं पाणी ती घेऊन येते. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिचाच. तिथलं पात्र हिवाळ्यात पाहिलंय. ऐसपैस रुंद, पण पाणी दोन-तीन धारांतच, मधे वाळूची बेटं. एक दादा बांबूने डोंगा रेटत होते. काठालगत बांबू निम्मा बुडत होता, मधोमध जेमतेम वीतभर. धार दरवर्षी जागा बदलते म्हणाले, त्यामुळे जुन्या उपग्रह नकाशावर भिस्त ठेवायची नाही एवढं कळलं.

आता अडलंय ते असं. मेडिगड्डा बॅरेजचे (दरवाजांच्या बंधाऱ्याचे) खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले. तिथे कयाक उचलून न्यायच्या तर डावा काठ बरा की उजवा? सोमनूरला इंद्रावती मिळाल्यावर तुपाकुलगुडेमचा बॅरेज आणि पुढे दुम्मुगुडेमचा जुना बंधारा लागतो, तिथेही हाच प्रश्न. वरून पाणी सोडणार असतील तर आधी कळतं का, आणि कोणाकडून?

सगळ्यात ओढ आहे ती पापीकोंडाची. कुनावरमला शबरी मिळते आणि मग एवढी मोठी नदी डोंगरांच्या चिंचोळ्या फटीत शिरते. सप्टेंबर २०१९ मध्ये पुरात कच्चुलुरूजवळ पर्यटकांची बोट उलटली होती, म्हणून पावसाळ्याचं नावच नको. पण खालच्या पोलावरम धरणाच्या फुगवट्यामुळे आता तिथे मुक्कामाला काठ उरलाय का? राष्ट्रीय उद्यानाची परवानगी कुठून काढायची? शेवटी गंडी पोचम्माच्या देवळापाशी बाहेर पडलं तर गाडी थेट काठापर्यंत येते का?

नदीसुरय पक्षी उन्हाळ्यात वाळूच्या बेटांवर अंडी घालतात, त्यामुळे जानेवारीपुढे मोहीम न्यायची नाही हे पक्कं आहे. गडचिरोली किंवा भद्राचलमकडचं कोणी असेल, तर डोंगेवाल्यांशी गाठ घालून द्याल का? पहिले काही दिवस त्यांच्यातलं कोणीतरी सोबत हवंच आहे.