सासूबाईंचा टू-डी इको : तयारीविषयी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या असून निफाड तालुक्यात आमच्या गावी राहतात. दर चैत्रात वणीच्या गडावर पायऱ्यांनी चढून जाणाऱ्या आईंना यंदा ट्रॉलीने जावे लागले, कारण थोडे चढले तरी त्यांना धाप लागत होती. संध्याकाळपर्यंत पायांवर सूजही येते. डॉक्टरांना तपासताना ठोक्यांमध्ये वेगळा आवाज ऐकू आला, म्हणून त्यांनी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितला आहे. सोमवारी सकाळची नाशिकची वेळ मिळाली आहे.

आईंना मधुमेह आहे. पहाटे गावाहून निघताना त्यांनी खाऊन, गोळी घेऊन निघावे की उपाशीपोटी यावे? त्यांचा डावा खांदा आखडलेला आहे आणि या तपासणीत डाव्या कुशीवर झोपवतात असे ऐकले. मात्र मला खरी काळजी वेगळीच आहे. परपुरुषासमोर छाती उघडी करावी लागेल या विचाराने त्यांना दोन रात्री झोप लागलेली नाही, आणि शेजारच्या कोणीतरी ‘वायरी लावून करंट देतात’ असेही त्यांच्या मनात भरवले आहे. खोटा धीर न देता त्यांना काय सांगावे?

प्रतिसाद

ताई, मी अनेक वर्षे इकोच्या खोलीत मदतनीस म्हणून काम केले आहे, म्हणून आधी संकोचाविषयी लिहिते. छातीचा डावा भाग उघडा करावाच लागतो, हे आईंना आजच सांगा. ऐन वेळी कळले की माणूस जास्त घाबरतो. पण वरून चादर किंवा गाऊन देतात, आणि महिला डॉक्टर हव्यात किंवा खोलीत एखादी स्त्री हवी, असे आधी फोन करून मागता येते. त्यात अवघडण्यासारखे काही नाही. पुढून उघडणारे पोलके घालून आणा.

वायरी फक्त हृदयाचे ठोके टिपण्यासाठी असतात, त्यांतून शरीरात करंट सोडत नाहीत. छातीवर थंड जेल लावून यंत्राचा दांडा फिरवतात. तो ध्वनिलहरी पाठवतो, क्ष-किरण नव्हे. फासळ्यांमध्ये दांडा दाबला की थोडे दुखते. मध्येच ‘फस्‌फस्’ असा मोठा आवाज येतो, तो वाहत्या रक्ताचा असतो. डाव्या कुशीवर वळल्याने हृदय छातीच्या भिंतीजवळ येते. खांद्याचे आधीच सांगितले तर उशी देऊन जमेल तसे झोपवतात. एकूण साधारण अर्धा तास लागतो.

छातीवरून करायच्या साध्या इकोला उपाशी राहावे लागत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर न्याहारी आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच निघा. घशातून नळी घालून करतात त्या इकोला मात्र काही तास उपाशी ठेवतात, म्हणून चिठ्ठी एकदा पाहा.

रिपोर्टमध्ये ‘ईएफ ६० टक्के’ दिसले तर हृदय ४० टक्के निकामी झाले असे समजून पुष्कळ जण हादरतात. ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर पडणारा भाग, आणि तो निरोगी हृदयातही साधारण ५५ ते ७० टक्केच असतो. आईंच्या बाबतीत झडपांविषयी काय लिहिले आहे, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. रक्तवाहिन्यांतले ब्लॉकेज या तपासणीत थेट दिसत नाहीत.

धागाकर्ती

मनापासून आभार. चिठ्ठीवर फक्त ‘टू-डी इको’ लिहिले आहे. फोन केल्यावर कळले की महिला डॉक्टर बुधवारी असतात. आमच्या डॉक्टरांनी दोन दिवस थांबायला हरकत नाही, पण बसल्या जागी धाप लागली तर लगेच आणा, असे सांगितले आहे. बुधवारची वेळ घेतल्याचे आईंना कळवले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारले, “किती वाजता निघायचं?”